चूक न सांगता चुकणारी आज्ञावली
ब्राउझरमधील कोड एडिटरमध्ये डीबगरची मांडणी कशी करावी?

संगणकाची आज्ञावली दोन प्रकारांनी चुकते. पहिल्या प्रकारात ती मध्येच बंद पडते, पडद्यावर तांबड्या अक्षरांत सूचना येते आणि कोणत्या ओळीवर घोटाळा झाला तेही कळते. दुसऱ्या प्रकारात आज्ञावली सुरळीत चालते, उत्तरही देते. फक्त ते उत्तर चुकीचे असते. पहिली चूक त्रासदायक असते, दुसरी घातक. या दुसऱ्या प्रकारच्या चुकीचा माग काढण्यासाठी जे साधन वापरतात, त्याला डीबगर म्हणतात. एकेकाळी हे साधन प्रत्येक संगणकावर स्वतंत्रपणे बसवावे लागे. आता कोड एडिटरच ब्राउझरमध्ये उघडत असल्याने डीबगरही त्याच खिडकीतून चालवता येतो. त्यासाठी काय मांडणी करावी लागते, कोठे अडचण येते आणि कोणती खबरदारी घ्यावी, याचा हा आढावा.

भूकंपाच्या नोंदींचे उदाहरण

पालघर जिल्ह्याच्या डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांत नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाच्या लहान-मोठ्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. धुंदलवाडीचा परिसर तिचा केंद्रभाग मानला गेला. डहाणू तालुक्यातील सायवन आणि भोवतालच्या गावपाड्यांनाही हादरे बसले. १ फेब्रुवारी २०१९ रोजी एकाच दिवसात अनेक धक्के जाणवले, त्यांतील एक ४.१ तीव्रतेचा होता. हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था आणि दिल्लीचे राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्र यांनी या भागात नोंदयंत्रे बसवली. केंद्राच्या संकेतस्थळावर प्रत्येक नोंद घेतलेल्या धक्क्याची वेळ, तीव्रता, स्थान आणि खोली दिलेली असते.

आता अशी कल्पना करावी, की सायवनच्या एखाद्या शाळेतील विद्यार्थी या नोंदी तक्त्यात उतरवून घेतात आणि सर्वांत खोल धक्का कोणता, हे शोधणारी आठ ओळींची आज्ञावली पायथन भाषेत लिहितात. तक्त्यात खोलीचे पाच आकडे आहेत: ५, १०, ५, ८ आणि १० किलोमीटर. उत्तर १० यायला हवे. आज्ञावली मात्र ८ असे उत्तर देते. कोणतीही सूचना नाही, कोणताही अडथळा नाही. पाच नोंदींत ही चूक डोळ्यांना दिसते. पाच हजार नोंदींत ती कोणालाही दिसणार नाही. धक्क्याची खोली ही काही किरकोळ बाब नव्हे. उथळ धक्का त्याच तीव्रतेच्या खोल धक्क्यापेक्षा जमिनीवर अधिक जोराने जाणवतो. तेव्हा चुकीच्या आकड्यावर आधारलेला निष्कर्षही चुकीचाच निघणार. हे काल्पनिक उदाहरण पुढे डीबगरच्या वापरासाठी घेतले आहे.

पतंगापासून प्रोटोकॉलपर्यंत

यंत्रातील दोषाला 'बग' म्हणजे किडा म्हणण्याची पद्धत संगणकाहून जुनी आहे. थॉमस एडिसन याने १८७८ मधील एका पत्रात हा शब्द याच अर्थाने वापरला होता. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क-२ या संगणकाच्या एका रिलेत खरोखरीचा पतंग सापडला आणि तो नोंदवहीत चिकटवून ठेवण्यात आला. ग्रेस हॉपर यांच्या सांगण्यातून ही हकीकत जगभर पोहोचली. आज्ञावली हव्या त्या ठिकाणी थांबवण्याच्या 'ब्रेकपॉइंट' या कल्पनेचे श्रेय एनिॲक संगणकावर काम केलेल्या बेटी होल्बर्टन यांना दिले जाते.

१९८६ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पासाठी जीडीबी हा डीबगर लिहिला. सी आणि सी++ भाषांसाठी तो आजही वापरात आहे. ब्राउझरमधील जावास्क्रिप्टसाठी २००६ मध्ये आलेल्या 'फायरबग'ने वेब क्षेत्रातील प्रोग्रामरांची कामाची पद्धतच बदलली. पुढे प्रत्येक ब्राउझरमध्ये अशी साधने मुळातच येऊ लागली आणि २०१७ मध्ये फायरबगचा विकास थांबला.

संपूर्ण एडिटरच ब्राउझरमध्ये आणण्याचे प्रयत्न याच काळातले. मोझिलाने २००९ मध्ये 'बेस्पिन' हा प्रयोग मांडला. ॲमस्टरडॅमच्या 'क्लाउड९'ने त्यापुढे जाऊन एडिटरमागे चालते यंत्र आणि डीबगर जोडून दिला. ही कंपनी २०१६ मध्ये ॲमेझॉनने घेतली. जुलै २०२४ पासून मात्र ही सेवा नव्या ग्राहकांसाठी बंद आहे. मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०१५ मध्ये 'व्हिज्युअल स्टुडिओ कोड' जाहीर केला. त्याचा गाभा असलेला 'मोनॅको' हा एडिटर मुळात ब्राउझरसाठीच लिहिलेला होता. त्यामुळे हा एडिटर पुन्हा ब्राउझरमध्ये नेणे सोपे गेले.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर, ब्राउझरमध्ये आज्ञावली लिहून तेथल्या तेथे तपासून घेण्याची सोय 'कोडशेफ'सारख्या स्पर्धांच्या संकेतस्थळांवरही आहे. मुंबईच्या 'डिरेक्टी' कंपनीने ते २००९ मध्ये सुरू केले. २०२० मध्ये ते 'अनअकॅडमी'कडे गेले. मुंबईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्यूटोरियल' प्रकल्पाने प्रोग्रामिंगचे छोटे दृक्‌श्राव्य धडे मराठीतही उपलब्ध करून दिले आहेत.

डीबगर नेमके काय करतो?

डीबगर चूक शोधून देत नाही. चूक शोधण्यासाठी आज्ञावली थांबवून धरतो. ठरवलेल्या ओळीवर ती थांबते, त्या क्षणी प्रत्येक चलात कोणती किंमत आहे ते दाखवते आणि मग एकेक ओळ पुढे नेता येते. क्रिकेटच्या सामन्यात तिसरा पंच चित्रफीत संथगतीने पाहतो, तसाच हा प्रकार. फरक इतकाच, की येथे चित्रफीत थांबवून खेळाडूच्या मनात काय चालले आहे तेही वाचता येते.

यामागची यंत्रणा भाषेनुसार बदलते. सी भाषेच्या आज्ञावलीत जीडीबी हव्या त्या जागी मूळ सूचनेऐवजी सापळ्याची एक छोटी सूचना ठेवतो. प्रोसेसर तेथे पोहोचला की थांबतो आणि ऑपरेटिंग सिस्टीम डीबगरला वर्दी देते. पायथनमध्ये आज्ञावली चालवणारा इंटरप्रिटरच प्रत्येक ओळीआधी डीबगरला विचारतो. या विचारपुशीमुळे वेग मंदावतो, पायथनच्या ३.१२ या आवृत्तीत २०२३ साली त्यासाठी हलकी यंत्रणा देण्यात आली.

ब्राउझरमधील एडिटरमध्ये या साखळीचे तीन दुवे असतात. पहिला दुवा म्हणजे ब्राउझर. तो केवळ चेहरा असतो. बटणे, तांबडे ठिपके आणि चलांची यादी तेथे दिसते. दुसरा दुवा दूरच्या यंत्रावर चालणाऱ्या 'डीबग ॲडाप्टर'चा. तो एडिटरची भाषा डीबगरच्या भाषेत उलथवतो. तिसरा दुवा प्रत्यक्ष आज्ञावलीचा. पहिल्या दोघांतील संभाषणासाठी मायक्रोसॉफ्टने 'डीबग ॲडाप्टर प्रोटोकॉल' हा खुला संकेत ठरवला. त्याआधी प्रत्येक एडिटरला प्रत्येक भाषेसाठी वेगळा सांधा लिहावा लागे. आता एका भाषेसाठी एक ॲडाप्टर लिहिला की तो अनेक एडिटरांना चालतो. हे तीन दुवे ध्यानात असले, की मांडणी बिघडल्यावर नेमका कोणता सांधा निखळला हे शोधणे सोपे जाते.

आधी जागा निवडावी

ब्राउझरमध्ये उघडणारे सगळेच कोड एडिटर सारखे नसतात. त्यांचे ढोबळमानाने चार गट पडतात.

पहिल्या गटात केवळ एडिटर असतो, मागे यंत्र नसते. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेली 'व्हीएसकोड डॉट डेव्ह' ही सेवा या गटातली. फाइल उघडणे, दुरुस्त करणे, शोधणे हे सारे होते. पण टर्मिनल नसल्याने पायथन किंवा सी भाषेची आज्ञावली नेहमीच्या पद्धतीने चालत नाही. जी आज्ञावली चालतच नाही, तिला डीबगर कसा लावणार? अनेक नवशिक्यांचा पहिला दिवस येथेच वाया जातो.

दुसऱ्या गटात एडिटरमागे भाड्याचे दूरस्थ यंत्र असते. 'गिटहब कोडस्पेसेस' ही त्यातील सर्वांत परिचित सेवा. २०२० मध्ये तिची घोषणा झाली आणि नोव्हेंबर २०२२ पासून वैयक्तिक खात्यांनाही ती ठराविक मर्यादेत मोफत मिळते. ही मर्यादा दरमहा १२० कोअर-तास आणि १५ जीबी साठवण अशी आहे. म्हणजे दोन कोअरच्या यंत्रावर महिन्याला ६० तास.

तिसऱ्या गटात एडिटर आपल्याच एखाद्या यंत्रावर बसवून इतरांना ब्राउझरमधून उघडू देता येतो. 'कोड-सर्व्हर' हे मुक्त सॉफ्टवेअर त्यासाठी वापरतात.

चौथ्या गटात तयार संकेतस्थळे येतात. 'ऑनलाइनजीडीबी'वर सी आणि सी++ साठी ओळीच्या क्रमांकावर टिचकी मारून ब्रेकपॉइंट लावता येतो. फिलिप गुओ यांनी २०१० मध्ये सुरू केलेले 'पायथन ट्यूटर' छोट्या आज्ञावलीची प्रत्येक पायरी चित्ररूपाने दाखवते. अभ्यासासाठी ही साधने उत्तम. अनेक फाइलींच्या प्रकल्पासाठी मात्र अपुरी पडतात.

पायरीपायरीने मांडणी

कोडस्पेसेस आणि पायथन ही जोडी धरून पुढील पायऱ्या दिल्या आहेत. कोड-सर्व्हरवरही त्या जवळपास तशाच लागू पडतात.

१. गिटहबवर खाते उघडून नवे भांडार, म्हणजे रिपॉझिटरी तयार करावी. तिच्या पानावरील 'कोड' या हिरव्या बटणाखाली 'कोडस्पेसेस' हा भाग असतो. तेथून नवे कोडस्पेस सुरू केले, की काही वेळात ब्राउझरमध्येच एडिटर उघडतो.

२. डाव्या पट्टीतील 'एक्स्टेन्शन्स' या चिन्हावर जाऊन मायक्रोसॉफ्टचे 'पायथन' हे एक्स्टेन्शन बसवावे. त्याच्यासोबत 'पायथन डीबगर' आपोआप येतो. त्याचा गाभा 'डीबगपाय' नावाचा आहे. पुढे फाइलींत हेच नाव दिसते.

३. 'कमांड पॅलेट' उघडून 'सिलेक्ट इंटरप्रिटर' ही आज्ञा द्यावी आणि कोणता पायथन वापरायचा ते निवडावे. एका यंत्रावर पायथनच्या अनेक प्रती असू शकतात. जिच्यात आवश्यक पॅकेजे बसवली आहेत ती प्रत निवडली नाही, तर टर्मिनलमध्ये चालणारी आज्ञावली डीबगरखाली मात्र 'मॉड्यूल सापडले नाही' म्हणून अडते.

४. डाव्या पट्टीतील 'रन अँड डीबग' हे चिन्ह निवडावे. तेथे 'लाँच डॉट जेसन' फाइल तयार करण्याचा दुवा असतो. त्यावर टिचकी मारून 'पायथन डीबगर' आणि मग 'पायथन फाइल' हा पर्याय घ्यावा. एडिटर ती फाइल 'डॉट व्हीएसकोड' या फोल्डरमध्ये ठेवतो.

५. ही फाइल म्हणजे संपूर्ण मांडणीचा कणा. तिच्यातील 'नेम' हे केवळ यादीत दिसणारे नाव. 'टाइप' म्हणजे कोणता ॲडाप्टर. पायथनसाठी तेथे 'डीबगपाय' असते. 'रिक्वेस्ट' या जागी दोनच शब्द चालतात: 'लाँच' किंवा 'अटॅच'. आज्ञावली डीबगरनेच सुरू करायची असेल तर लाँच. आधीच चालू असलेल्या आज्ञावलीला जाऊन चिकटायचे असेल तर अटॅच. 'प्रोग्राम' म्हणजे कोणती फाइल चालवायची. 'कन्सोल' म्हणजे तिचे उत्तर कोठे दिसावे. 'जस्ट माय कोड' हा पर्याय चालू असेल, तर डीबगर दुसऱ्यांच्या लायब्ररीत शिरत नाही. नवशिक्यांनी तो चालूच ठेवावा.

६. ज्या ओळीवर थांबायचे, तिच्या क्रमांकाच्या डावीकडे टिचकी मारावी. तांबडा ठिपका उमटतो. हाच ब्रेकपॉइंट.

७. एडिटरच्या आत एकदा टिचकी मारून एफ-५ ही कळ दाबावी. टिचकी मारण्याला कारण आहे. लक्ष एडिटरच्या बाहेर असेल, तर हीच कळ ब्राउझरचे पान नव्याने उघडते.

कळांचा हा संघर्ष ब्राउझरमधील एडिटरची खास अडचण आहे. पुढच्या ओळीवर जाण्यासाठी एफ-१०, फंक्शनच्या आत शिरण्यासाठी एफ-११ आणि बाहेर पडण्यासाठी शिफ्टसह एफ-११ असा संकेत आहे. परंतु विंडोजवरील ब्राउझर एफ-११ ने पान पूर्ण पडदाभर करतो. म्हणून तेथे फंक्शनच्या आत शिरण्यासाठी ऑल्ट आणि एफ-११ या कळा एकत्र दाबाव्या लागतात. कळा लक्षात राहत नसतील, तर वर दिसणाऱ्या छोट्या पट्टीतील बटणेही तेच काम करतात.

अवतरणचिन्हांनी दिलेला पुरावा

आता पुन्हा भूकंपाच्या तक्त्याकडे वळू. विद्यार्थ्यांच्या आज्ञावलीची रचना साधी आहे. ती तक्ता वाचते, पहिल्या नोंदीची खोली 'सर्वाधिक' या चलात ठेवते, मग प्रत्येक ओळ घेऊन तिची खोली 'सर्वाधिक'पेक्षा मोठी असल्यास तीच नवी 'सर्वाधिक' ठरवते. पायथनच्या तिसऱ्या पिढीत चलांना देवनागरी नावे देता येतात, त्यामुळे ही नावे जशीच्या तशी वापरता येतील. फाइल वाचण्याच्या आज्ञा आणि 'जर', 'प्रत्येक' अशा अर्थांचे राखीव शब्द मात्र इंग्रजीतच लिहावे लागतात.

तुलना करणाऱ्या ओळीवर ब्रेकपॉइंट लावून आज्ञावली सुरू केली, की ती पहिल्या नोंदीपाशी थांबते. पुढे जाण्याची कळ दाबल्यावर दुसऱ्या नोंदीपाशी पुन्हा थांबते. डावीकडील 'व्हेरिएबल्स' या चौकटीत आता 'सर्वाधिक'ची किंमत ५ आणि चालू ओळीची खोली १० दिसते. दहा पाचाहून मोठे. तेव्हा एफ-१० दाबल्यावर आज्ञावलीने नवी किंमत नोंदवणाऱ्या ओळीवर जायला हवे. ती मात्र ती ओळ वगळून थेट पुढच्या नोंदीकडे वळते. चूक याच ओळीत आहे, हे येथे सिद्ध झाले.

कारण त्याच चौकटीत दिसते. दोन्ही किमती अवतरणचिन्हांत आहेत. याचा अर्थ संगणकाच्या लेखी ते आकडे नसून शब्द आहेत. स्वल्पविरामांनी विभागलेला तक्ता वाचताना पायथन प्रत्येक रकाना मजकूर म्हणूनच घेतो. शब्दांची तुलना शब्दकोशाप्रमाणे पहिल्या अक्षरापासून होते. 'दहा'चे पहिले चिन्ह एक, आणि एक हा पाचाच्या आधी येतो. म्हणून '१०' हा शब्द '५' या शब्दाहून लहान ठरतो. '८' मात्र '५'हून मोठा आणि पुढचा '१०' पुन्हा '८'हून लहान. चुकीचे उत्तर ८ का आले, याचा उलगडा येथे पूर्ण होतो.

दुरुस्ती करण्यापूर्वी तर्क पडताळूनही पाहता येतो. खालच्या 'डीबग कन्सोल'मध्ये त्याच थांबलेल्या क्षणी दोन्ही किमती आकड्यांत रूपांतरित करून तुलना टाइप केली, की 'खरे' असे उत्तर येते. मग मूळ आज्ञावलीत तुलनेपूर्वी 'फ्लोट' हे रूपांतर लावले, की काम झाले.

मराठी वापरकर्त्यांसाठी यात आणखी एक धडा आहे. तक्त्यातील काही आकडे देवनागरीत आणि काही रोमन लिपीत टाइप झालेले असतील, तर शब्द म्हणून तुलना करताना कोणताही देवनागरी अंक प्रत्येक रोमन अंकाहून मोठा ठरतो; कारण युनिकोडच्या यादीत देवनागरीचे स्थान पुढे आहे. पायथनचे 'फ्लोट' आणि 'इंट' हे रूपांतर दोन्ही लिप्यांतील अंक बिनचूक ओळखते. जावास्क्रिप्टचे 'नंबर' हे रूपांतर मात्र देवनागरी अंकांना 'ही संख्या नव्हे' असे उत्तर देते. सरकारी वा शालेय नोंदी मराठीत ठेवणाऱ्यांनी हा फरक अवश्य ध्यानात ठेवावा.

नोंदी हजारांत असतील, तर प्रत्येक नोंदीपाशी थांबणे शक्य नाही. अशा वेळी तांबड्या ठिपक्यावर उजवी टिचकी मारून अट घालता येते. उदाहरणार्थ, खोली '१०' असेल तेव्हाच थांबावे. न थांबता केवळ किंमत छापून पुढे जाणारा 'लॉगपॉइंट'ही असतो. आज्ञावलीत ठिकठिकाणी छपाईच्या ओळी घालून नंतर त्या पुसत बसण्यापेक्षा हा मार्ग स्वच्छ.

इंटरनेट बेभरवशाचे असेल तर

शहरातील वाचकांना ब्राउझरमधील एडिटर म्हणजे सोय वाटते. ग्रामीण भागात तीच सोय इंटरनेटच्या धाग्यावर लोंबकळते. एका बाबतीत ही पद्धत दुबळ्या यंत्रांना अनुकूल आहे. आज्ञावली दूरच्या यंत्रावर चालत असल्याने शाळेतील जुना संगणकही पुरतो. संपर्क थोडा वेळ तुटला तरी दूरचे यंत्र चालूच राहते आणि एडिटर पुन्हा जोडला जाण्याचा प्रयत्न करतो. मात्र प्रत्येक टिचकीचा निरोप जाऊन-येऊन करत असल्याने संथ जोडणीवर एकेक ओळ पुढे नेणे कंटाळवाणे होते.

याला पर्याय म्हणजे शाळेच्या किंवा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतच कोड-सर्व्हर बसवणे. लिनक्स असलेले, किमान एक जीबी मेमरी आणि दोन कोअरचे यंत्र एका वापरकर्त्यासाठी पुरते. विद्यार्थी वाढतील तशी ताकद वाढवावी लागते. बसवताना एकदाच इंटरनेट लागते. पुढे खोलीतील अंतर्गत जाळ्यावर काम चालते. बसवल्यावर कोड-सर्व्हर केवळ त्याच यंत्रावरून, ८०८० या पोर्टवर उघडतो. इतर संगणकांना तो दिसावा यासाठी 'कॉन्फिग डॉट याम्ल' या फाइलीतील पत्ता बदलावा लागतो. पासवर्डही याच फाइलीत असतो.

येथे तीन गोष्टी सांभाळाव्यात. एक, कोड-सर्व्हरची एक प्रत एका वापरकर्त्यासाठी असते. म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याला लिनक्सचे वेगळे खाते आणि वेगळे पोर्ट द्यावे. दोन, सुरक्षित जोडणी नसेल तर ब्राउझर क्लिपबोर्डसारख्या काही सोयी रोखतो. तीन, कोड-सर्व्हर एक्स्टेन्शन्स घेतो ती 'ओपन व्हीएसएक्स' या खुल्या भांडारातून. पायथन डीबगर तेथे मिळतो. मायक्रोसॉफ्टचे सी++ एक्स्टेन्शन परवान्याच्या अटींमुळे मिळत नाही. सी किंवा सी++ साठी 'कोडएलएलडीबी' हे एक्स्टेन्शन वापरावे.

हेही जमत नसेल, तर दोन साधने कायम हाताशी आहेत. पायथन ३.७ पासून आज्ञावलीत 'ब्रेकपॉइंट' हे फंक्शन लिहिले, की टर्मिनलमध्येच 'पीडीबी' हा अंगभूत डीबगर उघडतो. 'एन' म्हणजे पुढची ओळ, 'एस' म्हणजे आत शिरा, 'पी' म्हणजे किंमत दाखवा आणि 'सी' म्हणजे चालू राहा, एवढी अक्षरे पुरेशी आहेत. जावास्क्रिप्टसाठी तर ब्राउझरमध्ये एफ-१२ दाबले, की डीबगर समोर येतो. त्याला इंटरनेटही लागत नाही.

नेहमीच्या अडचणी

ठिपका तांबडा न राहता करडा किंवा पोकळ दिसतो: डीबगरला ती ओळ सापडलेली नाही. फाइल जतन केली आहे का, चालवलेली फाइल तीच आहे का आणि ती ओळ प्रत्यक्ष चालणारी आहे का, हे पाहावे. रिकाम्या ओळीवर किंवा टिप्पणीवर थांबता येत नाही.

अटॅच होते, पण आज्ञावली थांबत नाही: एडिटरमधील फाइलीचा मार्ग आणि यंत्रावरील मार्ग वेगळे असतात. 'लाँच डॉट जेसन'मध्ये 'पाथ मॅपिंग्ज'खाली दोन्ही मार्गांची जोडी लिहावी.

सी भाषेत चलांच्या किमती दिसत नाहीत: आज्ञावली बांधताना कंपायलरला डीबगिंगची माहिती ठेवण्यास सांगितलेले नसते. त्यासाठी 'जी' हा पर्याय द्यावा आणि वेग वाढवणाऱ्या सुधारणा बंद ठेवाव्यात.

कंटेनरमध्ये जीडीबीला परवानगी नाकारली जाते: दुसऱ्या प्रक्रियेच्या आत डोकावण्याचा अधिकार कंटेनर सहसा देत नाही. 'डेव्ह कंटेनर'च्या फाइलीत 'सिस पीट्रेस' ही क्षमता जोडावी. याच फाइलीत आवश्यक एक्स्टेन्शन्सची यादी लिहिली, तर वर्गातील प्रत्येकाला एकसारखी मांडणी तयार मिळते.

मोफत तास लवकर संपतात: ब्राउझरची खिडकी मिटली म्हणजे दूरचे यंत्र थांबत नाही. कोडस्पेस तीस मिनिटे निष्क्रिय राहिल्यावर आपोआप थांबते. पण काम संपल्यावर ते स्वतः थांबवणे शहाणपणाचे. न वापरलेले कोडस्पेस सर्वसाधारणपणे तीस दिवसांनी पुसले जाते. म्हणून दिवसाचे काम संपल्यावर बदल भांडारात जमा करावेत.

दार उघडे ठेवू नका

अखेरचा मुद्दा सुरक्षिततेचा. अटॅच पद्धतीत डीबगर एखाद्या पोर्टवर वाट पाहत बसतो. पायथनसाठी सहसा ५६७८, नोडसाठी ९२२९. या पोर्टला जोडला गेलेला कोणीही त्या यंत्रावर हवी ती आज्ञा चालवू शकतो, कारण डीबगरचे कामच ते आहे. कोडस्पेसेसमध्ये असे पोर्ट मुळात खासगी असते. मित्राला दाखवण्याच्या घाईत ते सार्वजनिक करू नये. स्वतःच्या कोड-सर्व्हरचा पत्ता थेट इंटरनेटवर उघडा ठेवणे हेही तितकेच धोक्याचे. 'लाँच डॉट जेसन' ही फाइल भांडारात जमा होते आणि भांडार सार्वजनिक असेल तर सर्वांना दिसते; म्हणून तिच्यात पासवर्ड किंवा गुप्त कळा कधीही लिहू नयेत.

मांडणी पूर्ण झाली की नाही, हे पडताळण्याची सोपी पद्धत अशी: तीन ओळींची आज्ञावली लिहावी, मधल्या ओळीवर ठिपका ठेवावा आणि एफ-५ दाबावे. पिवळी पट्टी त्या ओळीवर थांबली आणि डावीकडे चलाची किंमत दिसली, तर तिन्ही दुवे जुळले आहेत. मग खऱ्या आज्ञावलीकडे वळावे.